स्कूटरच्या पुढच्या काचेचे अडकलेले स्क्रू कसे काढावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कूटरची पुढची काच धूसर झाली आहे, तडकली आहे किंवा बदलायची आहे, पण तिला धरून ठेवणारे चार-सहा स्क्रू जागचे हलत नाहीत, अशी अडचण असणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. मी रत्नागिरीत राहतो. खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात उभ्या असलेल्या स्कूटरींचे असे स्क्रू मी घरच्या अंगणात बऱ्याच वेळा काढले आहेत. आपण जिला काच म्हणतो ती अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते, हे मात्र सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. खाली जागोजागी जी सावधगिरी सांगितली आहे, ती याच एका कारणासाठी आहे.

स्क्रू नेमका कशात अडकला आहे, हे आधी कसे पाहावे?

हत्यार हातात घेण्यापूर्वी टॉर्च घ्यावा आणि काचेच्या मागची बाजू पाहावी. मागे तीनपैकी एक रचना आढळते. पहिल्या प्रकारात स्क्रू आरपार जातो आणि मागे सुटा नट असतो. दुसऱ्या प्रकारात काच ज्या लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसते, त्या पट्टीतच आटे पाडलेले असतात. तिसऱ्या प्रकारात रबराची एक बुटकी नळी भोकात बसवलेली असते व तिच्या आत पितळी नट असतो. स्क्रू आवळला की हे रबर मागच्या बाजूला फुगते आणि काच धरून ठेवते.

मागे सुटा नट असेल तर काम बरेच सोपे होते, कारण स्क्रूचे डोके स्थिर धरून मागून नटच फिरवता येतो. ५ मिमीच्या स्क्रूच्या नटाला ८ नंबरचा पाना लागतो आणि ६ मिमीच्या नटाला १० नंबरचा. स्क्रूच्या फुलीपेक्षा नटाच्या सहा बाजूंवर पाना कितीतरी चांगली पकड घेतो. ज्यांनी समोरून तासभर झटापट करून फुली घालवली आणि मागचा नट नंतर पाहिला, असे अनेक जण मला भेटले आहेत.

एवढासा स्क्रू इतका घट्ट का होतो?

मुख्य कारण गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली बारीकशी फट तो भरून काढतो आणि पाचर मारल्यासारखा स्क्रूला आवळून धरतो. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची आणि स्क्रू लोखंडी किंवा स्टेनलेस असेल, तर दोन वेगळे धातू आणि खारट ओल यांच्यामुळे विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि आट्यांत पांढरट भुकटी साचते. कोकणपट्टीत आणि मुंबईत हे लवकर घडते. सोलापूर-लातूरकडच्या कोरड्या हवेत तोच स्क्रू पाच-सहा वर्षांनीही सहज सुटू शकतो.

स्क्रू ड्रायव्हर कोणता घ्यावा?

या कामातले निम्मे अपयश चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरमुळे येते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

चेतक आणि प्रिया या गाड्यांच्या काळातल्या काचांच्या पट्ट्यांवर सरळ खाचेचे स्क्रू बरेच दिसतात. त्यांच्यासाठी स्क्रू ड्रायव्हरचे पाते डोक्याच्या रुंदीएवढे रुंद आणि खाचेत हलणार नाही इतके जाड असावे. पाते अरुंद असेल तर सारा जोर खाचेच्या मधल्या भागावर येतो आणि तिचे काठ तुटतात.

अलीकडच्या गाड्यांवर फुलीचे स्क्रू असतात. गॅरेजात त्या स्क्रू ड्रायव्हरला सरसकट ‘स्टार’ म्हणतात, पण फुलीचे दोन प्रकार आहेत आणि वरवर पाहता ते सारखेच वाटतात. एक अमेरिकी फिलिप्स आणि दुसरा जपानी मानकाचा. फिलिप्सच्या फुलीच्या बाजू उतरत्या असल्याने जोर वाढला की स्क्रू ड्रायव्हर वर ढकलला जातो आणि निसटताना फुलीचे कोपरे खातो. जपानी पद्धतीच्या स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या बाजूला बहुधा एक छोटा टिंब असतो. असा टिंब दिसला तर जपानी मानकाचे २ नंबरचे टोक मिळवावे. ते फुलीत तळापर्यंत बसते. तेच टोक फिलिप्सच्या स्क्रूलाही बरे बसते, त्यामुळे एकच घ्यायचे असल्यास हे घ्यावे.

टोक कोणतेही असो, ते झिजलेले नसावे. स्क्रूच्या फुलीत वर्षानुवर्षांची धूळ, रंग आणि गंज दडपून बसलेला असतो. दाभणाने किंवा जाड सुईने ती चारही कोपऱ्यांतून तळापर्यंत खरवडून काढावी. टोक आत सोडल्यावर डुगडुगले नाही तर सफाई पुरेशी झाली असे समजावे.

तेल कोणते घालावे आणि किती वेळ थांबावे?

गंज सोडवणारे कोणतेही पातळ तेल चालते. मात्र ते काचेला लागता कामा नये. डब्ल्यूडी-४० घरोघरी असते. ते १९५३ साली मुळात धातूवरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाले. साध्या गंजाला ते पुरते, पण जुनाट गंजासाठी खास गंज सोडवण्याचे म्हणून मिळणारे तेल अधिक आत मुरते. पॉलिकार्बोनेटवर दोन्ही टाळावीत.

अ‍ॅसिटोन आणि गिअरचे पातळ तेल समप्रमाणात मिसळून केलेले मिश्रण गंजावर चांगले चालते, असे अनेकजण सांगतात. इंजिनच्या बोल्टसाठी ते ठीक असेल, पण काचेच्या आसपास ते अजिबात आणू नये. अ‍ॅसिटोन, थिनर आणि पेट्रोल हे तिन्ही पदार्थ या प्लास्टिकला खातात. आमच्या घरच्या जुन्या स्कूटरच्या काचेचा वरचा डावा स्क्रू सुटेना, तेव्हा मी थिनरमध्ये बुडवलेला कापूस त्याच्या डोक्यावर दाबून ठेवला होता. दहा मिनिटांनी कापूस उचलला तेव्हा स्क्रू होता तसाच होता, पण त्याच्याभोवती काचेत केसासारख्या बारीक पांढऱ्या रेषांचे चक्र उमटले होते. ताणाखाली असलेल्या प्लास्टिकला असे द्रव लागले की ते आतून फाटते, आणि स्क्रूभोवतीचा भाग तर कायम ताणाखालीच असतो. ती काच पुढे त्याच भोकापासून चिरत गेली.

म्हणून तेल मागच्या बाजूने घालावे. समोरून डोके आणि वॉशर वाट अडवतात, त्यामुळे तेल आट्यांपर्यंत पोचत नाही आणि काचेवर मात्र पसरते. मागे जिथे स्क्रूचे टोक नटातून किंवा पट्टीतून बाहेर आलेले असते, तिथे आधी तारेच्या लहान ब्रशने गंज झाडावा. मग फवारा न मारता, तेल बाटलीच्या झाकणात घेऊन काडीने एक-दोन थेंब टोकावर सोडावेत. काचेवर स्क्रूभोवती कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. रात्रभर थांबावे, सकाळी पुन्हा दोन थेंब द्यावेत आणि संध्याकाळी काम सुरू करावे. घाई नसेल तर तीन दिवस असेच करावे. काचेवर ओघळ आलाच तर लगेच साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा.

तेल मुरल्यावर स्क्रू फिरवायचा कसा?

स्कूटर मोठ्या स्टँडवर उभी करून हँडल लॉक करावे. हँडल मोकळे राहिले तर निम्मा जोर ते वळण्यातच जातो. काचेच्या मागे स्क्रूजवळ दुसऱ्या माणसाचा तळहात किंवा घडी केलेला जाड कपडा आधाराला असावा. स्क्रू ड्रायव्हरची मूठ जाड असावी, कारण मूठ जितकी जाड तितका कमी श्रमात पिळण्याचा जोर मिळतो.

टोक फुलीत काटकोनात बसवून तळहाताने आत दाबावे. एकूण ताकदीतील बराचसा भाग दाबण्यात आणि थोडाच भाग फिरवण्यात जावा. पहिला प्रयत्न सोडण्याच्या दिशेने करू नये. आधी अगदी किंचित आवळण्याच्या दिशेने पिळावे. गंजाचा थर कुठल्याही दिशेने तुटला तरी तुटतोच, आणि आवळण्याच्या दिशेने फुलीच्या ज्या बाजूंवर जोर येतो त्या सोडताना वापरायच्या नसल्यामुळे शाबूत राहिल्या नाहीत तरी चालते. त्यानंतर सोडण्याच्या दिशेने, म्हणजे डावीकडे, हळूहळू जोर वाढवावा.

स्क्रू सुटतो तेव्हा एक बारीक ‘कट्’ आवाज येतो. तिथे थांबून मनगटाकडे लक्ष द्यावे. आवाजानंतर स्क्रू जड पण एकसारखा फिरत असेल तर तो सुटला. तो रबरासारखा लवचिक लागून मागे येत असेल तर दांडा पिळला जात आहे आणि आणखी जोर लावल्यास तुटेल. अशा वेळी पुन्हा थोडे आवळावे, मागून तेलाचा थेंब द्यावा आणि अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे अशा रीतीने त्याला बाहेर आणावे. सुटलेला गंज आट्यांत साचतो आणि मागे फिरवल्याने मोकळा होतो. सुटला म्हणून एका दमात फिरवत गेलात तर अर्ध्यावर तो पुन्हा अडकतो, आणि ते अडकणे पहिल्यापेक्षा वाईट असते.

हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरता येईल का?

काचेच्या स्क्रूवर वापरू नये. इंजिनच्या झाकणाचे स्क्रू काढायला ते उत्तम हत्यार आहे, कारण मागे घट्ट धातू असतो. इथे तो घाव थेट काचेच्या भोकावर बसतो. काच निघाल्यानंतर फक्त पट्टी उरली असेल आणि ती गाडीवरून काढून लाकडी ठोकळ्यावर ठेवता येत असेल, तर मात्र जरूर वापरावे.

गरम करून स्क्रू सुटतो असे म्हणतात. ते इथे चालेल का?

अ‍ॅक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि पॉलिकार्बोनेट १४५ अंशांच्या सुमारास. गंज सोडवण्यासाठी धातूला जितके तापवावे लागते, त्याच्या कितीतरी आधी काच वाकडी होते. त्यामुळे गॅसची ज्योत आणि हॉट एअर गन दोन्ही टाळावीत. सोल्डरिंग आयर्नचे (तारा डाग देऊन जोडण्याच्या विजेच्या हत्याराचे) टोक स्क्रूच्या मागच्या टोकाला मिनिटभर लावणे, एवढीच उष्णता मी सुरक्षित मानतो. त्यातही स्क्रू धातूच्या पट्टीत असला पाहिजे आणि मधूनमधून समोरच्या डोक्याला बोट लावून पाहिले पाहिजे. डोके बोटाला सोसवेनासे झाले की थांबावे. तेल घातलेल्या जागी उष्णता देऊ नये. आधी ते पूर्ण पुसून वाळू द्यावे.

स्क्रूची फुली खाल्ली गेली आहे. आता काय करावे?

इथे थांबलात हे बरे केले, कारण थोडी फुली शिल्लक असेपर्यंत अजून उपाय आहेत. व्हॉल्व्ह घासण्याची खरखरीत पेस्ट ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते. तिचा हरभऱ्याएवढा गोळा फुलीत भरावा आणि टोक दाबून फिरवावे. तिच्यातले कण धातूत रुततात आणि निसटणे बरेच कमी होते. पेस्ट नसल्यास सायकलच्या ट्यूबचा तुकडा फुलीवर ठेवून त्यातून टोक दाबावे. मात्र हा उपाय जरा कमी भरवशाचा आहे.

फुली पूर्ण गेली असेल आणि डोके घुमटासारखे वर आलेले असेल, तर लॉकिंग पक्कड डोक्याच्या कडेला आवळून फिरवावी. हा मार्ग मला सर्वांत आवडतो, कारण तो काचेला धक्का देत नाही. डोके सपाट असल्यास हॅकसॉच्या सुट्या ब्लेडने त्यावर सरळ खाच पाडावी. तेव्हा आजूबाजूच्या काचेवर पत्र्याचा पातळ तुकडा भोक पाडून बसवावा, नाहीतर ब्लेड घसरून काचेवर ओरखडा जातोच.

स्क्रू फिरत राहतो पण बाहेर येत नाही. असे का होते?

बहुतेक वेळा हा रबरी नळीतल्या पितळी नटाचा प्रकार असतो. स्क्रू नटाला गंजाने चिकटलेला असतो, पण नट रबरापासून सुटलेला असतो, किंवा रबरासह सगळेच भोकात गरगरत असते. समोरून कितीही फिरवले तरी फरक पडत नाही, आणि घर्षणाने रबर चिकट होत जाते.

आधी रबराची पुढची कड पाहावी. ती वॉशरखाली बोटाच्या नखाएवढी बाहेर दिसते. दोन पातळ पात्यांच्या मध्ये ती कड पकडून किंवा काच किंचित पुढे ओढून ताण दिल्यास नट रबरात रुततो आणि काही वेळा तेवढ्याने फिरणे थांबते. मागे हात पोचत असेल तर फुगलेला रबरी भाग पकडीने घट्ट दाबून धरावा, म्हणजे आतला नट आवळला जातो. तेही जमले नाही तर रबर वाचवण्याचा विचार सोडून द्यावा. मागून धारदार कटरने रबर उभे चिरून काढले की पितळी नट उघडा पडतो आणि पकडीत येतो. ही रबरी नळी नवी मिळते आणि तिची किंमत काचेच्या मानाने नगण्य असते. काच, पट्टी आणि स्क्रू यांपैकी काही ना काही गमवावे लागणार असेल, तर ते स्क्रू आणि रबर असावे, असा माझा आग्रह असतो.

सुटा नट मागे गरगरत असेल तर त्यावर पाना लावावा, आणि नटाचे कोपरे गंजून गोल झाले असतील तर लॉकिंग पक्कड लावावी. नायलॉनची कडी असलेला नट शेवटपर्यंत जडच फिरतो, त्याला अडकलेला समजू नये.

काहीच चालले नाही तर ड्रिलने डोके उडवावे का?

हो, आणि त्यात कमीपणा मानू नये. डोके उडवले की वॉशर सुटतो, काच निघते आणि मागे उरलेला दांडा मोकळ्या जागेत पकडीत धरता येतो. स्क्रूवरचा ताण गेल्यामुळे तो दांडा पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतक्या सहज फिरतो.

५ मिमीच्या स्क्रूसाठी आधी फुलीच्या मध्यावर ३ मिमीचे ड्रिल थोडे उतरवावे आणि मग ५ मिमीचे ड्रिल हळू वेगाने चालवावे. डोके सुटून ड्रिलवर फिरू लागले की लगेच थांबावे. वेग जास्त ठेवल्यास धातूचे गरम तुकडे काचेला चिकटतात, म्हणून काच कपड्याने झाकून फक्त डोके उघडे ठेवावे. स्क्रू ड्रिलबरोबर फिरू लागला तर मागून कोणीतरी पकडीने धरावा लागेल. डोळ्यांवर चष्मा हवाच.

तुटलेल्या स्क्रूसाठी उलट्या आट्यांची जी काढणी मिळते, ती ५ मिमीच्या स्क्रूत वापरू नये. तिचे पोलाद कडक पण ठिसूळ असते. ती आत तुटली तर साधे ड्रिल तिच्यात शिरत नाही आणि मग पट्टीच बदलावी लागते.

काच आरशांच्या बुडाशी बसवलेली आहे. तिथे वेगळी काळजी घ्यावी लागते का?

घ्यावी लागते. बऱ्याच काचांच्या दांड्या आरशाच्या नटाखाली धरलेल्या असतात. बारामतीत बनणाऱ्या व्हेस्पांवर बाहेरून बसवलेल्या काचांतही ही पद्धत दिसते. काही गाड्यांवर, विशेषतः यामाहाच्या, उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, म्हणजे तो उजवीकडे फिरवल्यावर सुटतो. नेहमीच्या सवयीने डावीकडे जोर लावत राहिल्यास तो आवळतच जातो आणि शेवटी हँडलवरचे बूड फुटते. जोर लावण्यापूर्वी दिसणारे दोन-चार आटे कोणत्या दिशेला चढत आहेत, ते पाहून घ्यावे.

आट्यांवर निळा किंवा लाल वाळलेला थर दिसतो. तो काय आहे?

तो आटे पक्के करणारा गोंद आहे. निळा गोंद हाताच्या जोराने सुटतो, लाल मात्र २५० अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय सहसा सुटत नाही. त्यामुळे काचेजवळ लाल दिसला तर थेट डोके उडवण्याचा मार्ग घ्यावा. हा गोंद ओला असताना पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो, म्हणून नवी काच लावताना तो वापरूच नये. कंपनाने स्क्रू सैल होत असतील तर नायलॉनच्या कडीचा नट लावावा.

नवे स्क्रू कोणते लावावेत आणि किती आवळावेत?

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्क्रू घ्यावेत, इतरांना ३०४ पुरते. दुकानात ही नावे ए४ आणि ए२ अशीही सांगितली जातात. स्टेनलेस स्क्रूवर स्टेनलेस नट कोरडा आणि वेगाने चढवल्यास दोन्ही एकमेकांत रुतून बसतात. म्हणून, आणि पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असेल तेव्हा तर आवर्जून, आट्यांच्या टोकाकडच्या भागाला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. ग्रीस काचेच्या भोकात जाऊ देऊ नये. डोक्याखाली नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर हवा.

भोक स्क्रूपेक्षा एक-दीड मिमी मोठे असावे. अ‍ॅक्रिलिक एका मीटरमागे दर अंशाला साधारण ०.०७ मिमी वाढते. ४५ सेंटीमीटर रुंदीची काच पहाटेच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात येऊन ३० अंशांनी तापली, तर ती जवळजवळ १ मिमी पसरते, आणि लोखंडी पट्टी मात्र त्याच्या सहाव्या हिश्शाएवढीच वाढते. काचेला सरकायला जागा नसेल तर ती भोकापाशी तडकते. म्हणून स्क्रू ड्रायव्हरची मूठ तळहाताने न पकडता दोन बोटे आणि अंगठा यांनी फिरवावी, आणि वॉशर किंचित दबला की थांबावे. दरवर्षी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, प्रत्येक स्क्रू अर्धा वेढा सोडून पुन्हा आवळून ठेवावा.

स्क्रू निघाला, पण भोकापासून बारीक तडा गेला आहे. काच टाकून द्यावी का?

तडा नजरेच्या रेषेत नसेल आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान असेल, तर त्याच्या अगदी टोकावर ३ मिमीचे भोक हलक्या हाताने पाडावे. तड्याच्या टोकावर एकवटणारा ताण भोकाच्या गोलाईवर वाटला जातो आणि तडा तिथे थांबतो. ड्रिल करताना मागे लाकडाची फळी घट्ट धरावी. तडा दोन भोकांना जोडत असेल किंवा काच भोकाभोवती दुधाळ झाली असेल, तर ती बदलावी; वेगात असताना असा तुकडा सुटून चालवणाऱ्याच्या अंगावर येतो.